मागचा आवाज

७ जानेवारी

प्रिय खटपट्या,

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. बाबांची नजर गेल्यापासून त्यांचे कान इतके तिखट झालेत की मी गच्चीवर जाऊन बोलले तरी खाली त्यांना कळतं. कागद मात्र त्यांना ऐकू येत नाही. म्हणून जे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, ते आता असं. दवाखान्यात कामाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. आमचे डॉक्टर एकदा कुणाच्या दाढेला भिडले की पाऊण तास मान वर करत नाहीत.

गेल्या गुरुवारी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. बाबांना मी सांगितलंय की फक्त गोळी बदलली. खरं म्हणजे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हृदय थकलंय, पायांची सूज आता उतरायची नाही. उन्हाळा काढतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यांना आवडतं ते करू द्या. त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

आता त्यांना काय आवडतं ते सांगते. ऑक्टोबरात तू आलास आणि त्यांचा कॅसेटचा खोका घेऊन गेलास. चाळीस वर्षं बाहेरच्या खोलीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करताना ते प्रत्येक यंत्रावर चाचणी म्हणून दोन-चार मिनिटं बोलायचे, त्याच त्या एकतीस कॅसेटी. तारीख, गिऱ्हाईक, दोष, आणि मग एक ते दहा आकडे. तू नेतोस म्हणालास तेव्हा ते "ने, पण परत आण" एवढंच म्हणाले. तेव्हापासून महिन्यातून एकदा विचारायचे. आता रोज विचारतात. मी कामावर असताना दुपारी ते एक कॅसेट लावायचे म्हणे. एक तारखेला पहिली, दोनला दुसरी, असं एकतीसपर्यंत. मला हे परवा कळलं, शेजारच्या काकूंकडून.

नुसते आकडे ऐकण्यात काय गोडी आहे ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण खोका लवकर पाठव.

तुझी ताई

ता. क. तू पाठवलेला गोळ्यांचा बोलका डबा चालू आहे. तो "औषधाची वेळ झाली आहे" म्हणाला की बाबा "घेतो हो बाई" म्हणतात आणि ती गप्प होईपर्यंत अदबीनं थांबतात.


१६ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र छापील आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मी खोलीभर फिरत बोलतोय आणि ॲप लिहितंय. जोडाक्षरांत अजून थोडं अडखळतं, नाहीतर दहापैकी आठ तारे दिले असते.

बाबांचं वाचून बधिर झालो. उन्हाळा म्हणजे किती महिने, हे मी बोटांवर मोजलं आणि मग पुन्हा मोजलं. मी काय करू शकतो, असा विचार केला. मला येतं तेच करू शकतो. म्हणून सोबतच्या पाकिटात खोक्यापेक्षा चांगली गोष्ट पाठवतोय. अंगठ्याएवढी पेनड्राइव्हची काडी आहे, तिच्यात एकतीसच्या एकतीस कॅसेटी आहेत. बरोबर छोटा स्पीकर आहे. त्याला नुसतं "सात" म्हटलं की सातवी लागते, बाबांना बटण शोधायला नको.

आणि आवाज ऐक तू. त्या कॅसेटींना बुरशी लागली होती, फीत एकदा फिरली की काळी पूड पडायची. त्यात खरखर, घरघर, रस्त्यावरचे भोंगे, भांड्यांचे आवाज. मी एक नवीन ॲप चाचणीसाठी घेतलंय. मुख्य बोलणारा माणूस ओळखतं आणि बाकी सगळं काढून टाकतं. बाबा अगदी कानाशी बसून बोलल्यासारखे वाटतात. माझ्या चॅनेलवर मी 'आधी' आणि 'नंतर' असं दाखवलं तर लोकांचे डोळे पाणावले. नऊ तारे. इतके मी गेल्या वेळच्या स्मार्ट घड्याळालाही दिले नव्हते.

जुन्या कॅसेटी इथल्या संकलन केंद्रात दिल्या. प्लॅस्टिक वेगळं, फीत वेगळी, सगळं दळून पुन्हा वापरतात. त्याचाही एक भाग केला मी. त्या आता लावण्यासारख्या नव्हत्याच.

बाबांना आवडलं का, ते लगेच कळव.

तुझा
खटपट्या


३० जानेवारी

खटपट्या,

पाकीट मिळालं. स्पीकर लावला. त्या दिवशी तेवीस तारीख होती म्हणून बाबा "तेवीस" म्हणाले. त्यांचाच तरणा आवाज खोलीभर घुमला. तू म्हणतोस तसा, अगदी कानाशी. मी खूश झाले. तुला फोन करणार होते.

बाबा ऐकत होते. मध्येच टेपमधले बाबा हसले आणि परत आकडे म्हणायला लागले. खुर्चीतले बाबा म्हणाले, "मागे घे." मी घेतलं. पुन्हा "मागे घे." असं पाच वेळा झालं. मग त्यांनी हात पुढे करून स्पीकर चाचपला, मागून पुढून, जसं दुरुस्तीला आलेल्या यंत्राला चाचपायचे तसं. आणि म्हणाले, "टेप वाचणारं डोकं घासलंय का याचं? इथं ती बोलते."

मी विचारलं, कोण. ते माझ्यावर जरा वैतागले. "तुझी आई. आणखी कोण?"

अरे, आपलं स्वयंपाकघर त्या खोलीला लागून. बाबा चाचणीला बोलायला लागले की आई आतून काहीतरी म्हणायची आणि ते टेप न थांबवता उत्तर द्यायचे. एकतीसच्या एकतीस कॅसेटींवर आई आहे. ती गेल्यापासून अकरा वर्षं ते रोज दुपारी तिला ऐकत होते. तुला आणि मला सांगायची त्यांना लाज वाटली असावी. आकडे ऐकतो म्हणून सांगणं सोपं.

आपल्याकडे आईचा आवाज दुसरा कुठे आहे, मी दोन दिवस शोधतेय. नाही.

मी बाबांना सांगितलं की काडीत बिघाड आहे, तू दुसरी पाठवशील. दुसरी पाठव. भांड्यांचे आवाज, खरखर, भोंगे, सगळं असलेली पाठव.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

घाबरू नकोस, बाबांनाही घाबरवू नकोस. हे ॲप आपोआप करतं. मागचा आवाज म्हणजे गोंधळ, असं धरून चालतं. त्याची सेटिंग मला नीट माहीत नव्हती. कंपनीला लिहिलंय. मूळ रेकॉर्डिंग कुठेतरी असणारच, आजकाल काहीही खरंखुरं पुसलं जात नाही, ही या धंद्यातली पहिली गोष्ट आहे. आठ दिवस दे.

बाबांसाठी नवीन घड्याळ पाठवतोय, नाडी आणि झोप दोन्ही मोजतं आणि आकडे थेट माझ्या फोनवर येतात. निदान तेवढं तरी मला करू दे.

खटपट्या


१७ फेब्रुवारी

खटपट्या,

आठ दिवसांचे बारा झाले. घड्याळ आलं. बाबांच्या सुजलेल्या मनगटावर त्याचा पट्टा बसत नाही, म्हणून ते उशाशी ठेवलंय. तुझ्या फोनवर उशीची नाडी येत असेल.

त्यांना आता दोन उशांवर टेकून बसावं लागतं. आडवं झालं की दम लागतो. रोज सकाळी विचारतात, "आलं का पाकीट?" मी म्हणते, आज उद्या येईल. काल म्हणाले, "त्याला घाई करायला लावू नकोस, घाईत तो स्क्रू विसरतो." मला हसू आलं आणि मग आत जाऊन रडले. मी चाळिशीची बाई, फडताळात तोंड खुपसून रडले, कारण त्यांच्या कानांपासून लपायला घरात तेवढीच जागा आहे.

मला एकच सरळ उत्तर हवंय. आईचा आवाज आहे की गेला?

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

हे हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर सोडून दे. बोलून लिहायचं म्हटलं तर शब्द बाहेर येईनात.

आवाज गेला. कंपनीकडून उत्तर आलं, तेही माणसानं लिहिलेलं नव्हतं. जागा वाचावी म्हणून काम झालं की मूळ फाइल काढून टाकायची, हा पर्याय मीच चालू ठेवला होता. मी सगळ्यांना तोच सल्ला देतो. संकलन केंद्रातही जाऊन आलो. तिथल्या बाईंनी मला दळलेल्या प्लॅस्टिकची गोणी दाखवली.

आणि मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ॲप आपोआप काही करत नाही. पहिल्याच कॅसेटला ते थांबलं होतं. पडद्यावर विचारलं होतं, दुसरा आवाज सापडला, काढू का? खाली ऐकण्याचं बटण होतं. मी दाबलं. तीन सेकंद ऐकलं. एक बाई लांबून काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक असेल. मी 'हो' दाबलं आणि त्याच्याखाली 'सर्व फाइलींना हेच लागू करा' असं होतं, तेही दाबलं. एकतीस वेळा विचारलं असतं तर एखाद्या वेळी तरी मी नीट ऐकलं असतं.

शेवटची दोन वर्षं आजारानं तिचा घसा बसला होता. माझ्या डोक्यात तोच घोगरा आवाज राहिला. टेपवरची बाई तिशीची होती, खणखणीत. हे कारण म्हणून सांगत नाही. मी आवाज तपासून लोकांना तारे वाटणारा माणूस, आणि मला माझ्या आईचा आवाज ओळखता आला नाही.

एक गोष्ट केलीय. मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत आई चौदा सेकंद बोलते. त्यावरून आवाज तयार करून देणारं एक साधन आहे. दहा दिवस मी तेच करतोय. आज सोबत पाठवतोय. बाबांना मुद्दाम काही सांगू नकोस, नुसतं लाव. चांगलं जमलंय असं मला वाटतं. मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर आता तू विसंबू नकोस.

बारा मार्चला एका नव्या फोनचं उद्‌घाटन आहे. चार महिन्यांपूर्वी कबूल केलंय, मंचावर मीच बोलायचंय. तेरा तारखेच्या पहिल्या गाडीनं निघतो आणि मग महिनाभर राहतो. बाबांना सांग.

तुझा


३ मार्च

प्रिय खटपट्या,

तुझ्यावर मी चिडले होते, अजून आहे. पण आज भांडायला वेळ नाही. आधी झालं ते सांगते.

तू पाठवलेलं लावलं. स्वच्छ, गोड आवाजात आई म्हणाली, "अहो, चहा ठेवलाय, येताय ना?" वाटलं, जमलं याला. बाबा खुर्चीत जरा सावरून बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हळूच मला म्हणाले, "कोण आलंय? त्यांना बसायला दे."

मी बंद केलं. मग तेच म्हणाले, "पोरानं पाठवलं का?" मी हो म्हटलं. "मेहनत घेतली असेल. छान आहे म्हणून कळव." मग म्हणाले, "ती इतकं गोड कधी बोलली नाही गं माझ्याशी. ओरडायचीच." आणि त्यांना हसू आलं. त्यांनी मला तुला सांगू नकोस म्हणून बजावलंय. मी सांगतेय, कारण तुझ्यापासून काही लपवायचा मला कंटाळा आलाय.

कॅसेटींचं खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांनी पाकिटाबद्दल विचारणं सोडलंय. माझ्या आधीच त्यांना कळलं असेल. चाळीस वर्षं लोकांची बिघडलेली यंत्रं ऐकून दोष सांगणारा माणूस तो.

आता आमचं काय चाललंय ते ऐक. परवा त्यांनी आपणहून तुझी पहिली काडी लावायला सांगितली. "चाचणी. दोष, पट्टा सैल. एक, दोन, तीन, येतो गं, पाच मिनिटं, चार, पाच." ते म्हणाले, थांबव. "तीननंतर ती म्हणते, चहाचं पाणी तिसऱ्यांदा उकळलंय. पाच मिनिटांवर म्हणते, तुमची पाच मिनिटं मला पाठ आहेत." मी दवाखान्यातली जुनी वही काढली. डावीकडे बाबांचं उत्तर, उजवीकडे आईचं वाक्य. रोज दोन-तीन कॅसेटी होतात, क्रमानं नाही, त्यांना आठवेल तशा. दम लागला की थांबतो. चौथीत बाबा म्हणतात, "उद्या नक्की आणतो." त्याच्यासमोर आई, "आजही मीठ विसरलात?" बारावीत नुसतं "ऐकतोय, म्हण." तिथे ती गाणं गुणगुणते आहे आणि तिला पुढचे शब्द येत नाहीत. तेवीसमध्ये ते हसतात ना, तिथे ती काय म्हणाली ते मला सांगायला तयार नाहीत. म्हणाले, ते लिहू नकोस.

अडकतात तेव्हा डोळे मिटून बसतात. काल अठराव्या कॅसेटला अर्धा तास गेला, तेव्हा कुठे तिचं वाक्य आठवलं. मला भीती वाटते की आपण पुरे पडणार नाही.

तेरापर्यंत थांबू नकोस. तो फोन तुझ्याशिवाय विकला जाईल. तू असतास तर लिहायचं काम तू केलं असतंस आणि मला त्यांचा हात धरून बसता आलं असतं.

ताई


६ मार्च

ताई,

पत्र आत्ता मिळालं. फोनवाल्यांनी माझी जागा दुसऱ्याला द्यायला नकार दिलाय, करार आहे. अकरालाच तालीम उरकून बाराला कार्यक्रम संपताच निघतो, म्हणजे तेराच्या सकाळी दारात असेन. सात दिवसांचा प्रश्न आहे. वही थांबवू नका. मी आलो की उरलेल्या मी लिहून घेतो.

बाबांना म्हणावं, या खेपेला स्क्रू विसरणार नाही.

खटपट्या


२ एप्रिल

प्रिय खटपट्या,

तू परत गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. तू दहा दिवस होतास तेव्हा लोकांची ये-जा होती, कुणाला चहा, कुणाला पत्ता, आपल्याला धड बोलताच आलं नाही. तू एकदाच विचारलंस, शेवटी त्यांनी माझी वाट पाहिली का. मी नाही म्हणाले. खोटं बोलले. दहा तारखेच्या दुपारी त्यांनी दोनदा विचारलं, गाडी किती वाजता येते. दुसऱ्यांदा मी म्हटलं, निघालाय तो, वाटेतच आहे. "मग ठीक," म्हणाले. त्यानंतर जाईपर्यंत फारसं बोलले नाहीत. मी तुला खोटं सांगितलं आणि त्यांनाही. कुणालाच त्यातून काही मिळालं नाही, म्हणून आता खरं लिहिते.

घरात आता कागदाची गरज उरली नाही. मोठ्यानं काहीही बोललं तरी ऐकणारं कुणी नाही. तरी लिहिते आहे, सवय लागली. डबा अजून दुपारी बोलतो, औषधाची वेळ झाली आहे. तो बंद कसा करायचा ते कळव.

सोबत वही पाठवते आहे. मी रोज संध्याकाळी वाचायचे, पण आता ती तुझ्याकडे असू दे. एकोणतीस कॅसेटी भरल्या आहेत. त्यातल्या काही जागी बाबांनी पक्कं सांगितलं, काही जागी "असंच काहीतरी" म्हणाले, तिथे मी पेन्सिलीनं लिहिलंय. तेविसावी त्यांच्या सांगण्यावरून कोरी.

सत्ताविसावी मात्र वेगळ्या कारणानं कोरी आहे. ती लावली तेव्हा बाबा म्हणतात, "चाचणी. यंत्र गाणं शिकवणाऱ्या बाईंचं. दोष, मोटरची तार तुटलेली." मग बराच वेळ काही नाही. मग, "माहितीये मला. असू दे. त्याला बोलू नकोस काही." आणि एक, दोन, तीन. मी विचारलं, आई काय म्हणते इथे? मला वाटलं, त्यांना आठवत नाहीये. पण त्यांनी लगेच सांगितलं, "ही जागा तशीच ठेव. ती तो भरेल."

टेपवर बाबा तारीख सांगतात, ती ताडून बघितली. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मला तर काहीच आठवत नाही. तुला काही आठवतं का?

ताई


१५ एप्रिल

प्रिय ताई,

डब्याच्या तळाशी एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून ठेव.

वही मिळाली. तीन दिवस उघडली नाही. मग सगळी वाचली आणि काल माझ्याकडची प्रत लावून सत्ताविसावी ऐकली. चॅनेलवर गेला महिनाभर काही टाकलेलं नाही. लोक विचारतात, कुठे आहात.

मला आठवतं. तो रेकॉर्डर मी उघडला होता. बाई गाणं म्हणायच्या आणि यंत्र तेच परत म्हणायचं, तर आवाज आत कुठे राहतो ते मला बघायचं होतं. तार तुटली. झाकण लावलं आणि एक स्क्रू माझ्या मुठीतच राहिला. बाबा यायच्या आत मी टेबलाखाली शिरलो. ते वर बसून दुरुस्त करत होते आणि मी त्यांच्या पायांजवळ श्वास रोखून होतो. आई दारात आली. ती बोलली तरी बाबा वाकून बघेनात, आणि त्यांचं उत्तर भीतीनं माझ्या कानात शिरलंच नाही, म्हणून मला वाटत होतं, मी इथे आहे हे त्यांना कधीच कळलं नाही. तीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

उजवीकडे हे लिहायचं. "अहो, ही तार आपोआप नाही तुटली. टेबलाखाली बघा, उंदीर बसलाय तुमचा."

मी वहीत लिहिलंय, पेनानं. यात एक शब्दही इकडचा तिकडे नाही. वाक्य म्हणता म्हणता ती खाली वाकली होती, हाताला पीठ होतं, माझ्याकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, तेही मला दिसतं. मघापासून मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघतोय. शब्द सगळे बरोबर येतात. पण दर वेळी ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

तुझा
खटपट्या